एका घरातली चार मतं: मुंबईचा मतदार खरंच पक्ष बदलतो का?

भांडुपच्या एका तरुणाने विचारलं आहे. घरात चार मतं. मे २०२४ च्या लोकसभेला चौघांनीही मशाल, म्हणजे उद्धव ठाकरेंची सेना, दाबली. सहा महिन्यांनी विधानसभा आली तेव्हा आईवडिलांनी मशाल, थोरल्या भावाने धनुष्यबाण, म्हणजे शिंदेंची सेना, आणि याने मनसेचं इंजिन. वडील मूळचे कोकणातले. ते तेव्हापासून म्हणतात, ‘शहरातल्या माणसाला निष्ठाच राहिली नाही, गावाकडे बघा.’ तर वडिलांचं म्हणणं बरोबर आहे का, आणि एकाच घरात सहा महिन्यांत हे असं का झालं, हा त्याचा प्रश्न.

वडिलांना वाईट वाटणं मला समजतं. त्यांचं निदान मात्र पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायला हवं, कारण ‘मुंबईचा मतदार फिरतो’ हे वाक्य आजकाल कुणीही उचलतं आणि मतदाराच्या तोंडावर मारतं.

मी सव्वीस वर्षं मुंबईत बूथचं काम करतो. मतदार याद्या लावायच्या, भाग पाडून गटप्रमुखांना द्यायचे, पोलिंग एजंट तयार करायचे, आणि निकाल लागून गुलाल धुतला गेला की फॉर्म २० घेऊन बसायचं. वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांसाठी हे केलं आहे. फॉर्म २० म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं पडली त्याचा तक्ता. त्या तक्त्यांसमोर इतकी वर्षं बसल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की मतदार जेवढा बदलतो त्याच्या कितीतरी पट त्याच्यापुढचं मतदान यंत्र, म्हणजे त्यावरची चिन्हं, बदलतं.

तुमच्याच घराचं घ्या. मे महिन्यात तुम्ही ईशान्य मुंबईत मत दिलंत. तिथे मशालीवर संजय दिना पाटील आणि कमळावर मिहिर कोटेचा. धनुष्यबाण त्या यंत्रावर नव्हताच. इंजिनही नव्हतं, कारण मनसेने गुढीपाडव्याच्या सभेतच मोदींना पाठिंबा जाहीर केला होता. शिवाय त्या निवडणुकीत मुलुंड-घाटकोपर भागात मराठी विरुद्ध गुजराती असा ताण उघड होता. अशा वेळी भांडुपच्या मराठी घरात, ज्यांना कमळ दाबायचं नाही त्यांना मशालीशिवाय दुसरं काय होतं? नोव्हेंबरमध्ये भांडुप पश्चिमच्या यंत्रावर कमळच नव्हतं. मशालीवर रमेश कोरगावकर, धनुष्यबाणावर अशोक पाटील आणि इंजिनावर मनसेचा उमेदवार. तुमचा भाऊ मे महिन्यात मशालीचा होता आणि नोव्हेंबरात फुटला, असं वडील समजतात. मी म्हणेन, तो मे महिन्यात मशालीचा होता की फक्त कमळाच्या विरोधात होता, हे तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

आणि उमेदवार तरी बघा. अशोक पाटील २०१४ साली इथूनच शिवसेनेचे आमदार झाले. २०१९ ला तिकीट कोरगावकरांना मिळालं आणि तेही शिवसेनेचेच आमदार झाले. २०२४ ला हे दोघे दोन सेनांकडून समोरासमोर. त्याआधी २००९ ला इथून मनसेचे शिशिर शिंदे निवडून आले होते, तेही मूळचे शिवसैनिक. पंधरा वर्षं भांडुपचा मराठी मतदार एकाच सेनेच्या मुशीतल्या माणसांना आलटूनपालटून निवडतो आहे. पाट्या बदलल्या, माणसं तीच आणि मतदारही तोच.

माहीमचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. २०२४ ला तिथे ठाकरे गटाचे महेश सावंत यांना ५०,२१३ मतं पडली, शिंदे गटाचे सदा सरवणकर यांना ४८,८९७, आणि मनसेचे अमित ठाकरे यांना ३३,०६२. तिघांच्याही प्रचारात बाळासाहेबांचं नाव होतं. सव्वा लाखाहून जास्त मतं तीन तुकड्यांत पडली आणि १,३१६ मतांनी निकाल लागला. यात निष्ठा कुणी सोडली? दादरच्या ज्या घराने पन्नास वर्षं शाखेवर वर्गणी दिली त्याने तीनपैकी कोणतंही बटण दाबलं तरी दुसरे दोघे त्याला गद्दार म्हणणार. गंमत अशी की सरवणकर स्वतः २००९ ला याच माहीममधून काँग्रेसच्या तिकिटावर लढले होते, सेनेने तिकीट नाकारलं म्हणून. मतदारांनी त्यांना २०१४ ला परत धनुष्यबाणावर निवडून दिलं.

त्या नोव्हेंबरात लालबागला एका म्युनिसिपल शाळेपासून ठरलेल्या अंतरावर आमचं टेबल होतं, चिठ्ठ्या शोधून द्यायचं. सकाळी आठच्या आसपास एक आजोबा आले. चाळ पुनर्विकासात गेलेली, राहायला बदलापूरला, नाव अजून जुन्या यादीत. पहाटेची लोकल पकडून आले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मतदार कार्ड, आधार आणि चाळीच्या भाड्याची जुनी पावती, कुणी अडवलं तर दाखवायला म्हणून. पोरांनी यादीत नाव काढून दिलं, भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून दिला. आत गेले, पाऊण तासाने बाहेर आले आणि टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘अरे, मशीनवर बाण नाहीये.’ शिवडी मतदारसंघात खरंच नव्हता. महायुतीने तिथे उमेदवार दिला नव्हता आणि भाजपने मनसेच्या बाळा नांदगावकरांना पाठिंबा दिला होता. लढत मशाल आणि इंजिन यांच्यात. पोरांनी समजावून सांगितलं. आजोबा म्हणाले, ‘हात थांबला रे माझा.’ त्यांनी काय दाबलं ते आम्ही विचारलं नाही. पण नंतर कुणी त्या केंद्राचा आकडा बघून ‘जुना शिवसैनिक फिरला’ असं लिहिलं, की मला त्या पिशवीतली भाड्याची पावती आठवते.

वडिलांना चिन्हाचं एक सांगा. १९८५ च्या विधानसभेला माझगावातून छगन भुजबळ निवडून आले ते मशालीवरच. धनुष्यबाण शिवसेनेकडे कायमचा आला तो १९८९ ला. तो २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने शिंदे गटाला दिला. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं चिन्ह म्हणतो त्याचं वय तुमच्या थोरल्या भावापेक्षा फार जास्त नसेल.

आता ‘गावाकडे बघा’ याबद्दल. २०२४ च्या विधानसभेत उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे राज्यभर २० आमदार आले. त्यातले १० एकट्या मुंबईतले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठ जागा आहेत, तिथे मशालीवर फक्त गुहागर आलं, भास्कर जाधवांचं. महायुतीने राज्यात २८८ पैकी २३० च्या वर जागा घेतल्या, म्हणजे पाचातल्या चार. मुंबईत ३६ पैकी २२, म्हणजे पाचातल्या तीन. लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांत मुंबईही सरकली, सहापैकी चार खासदार आघाडीचे आले होते, ते चित्र राहिलं नाही. पण उरलेला महाराष्ट्र जेवढा सरकला त्या मानाने मुंबई जागच्या जागी उभी होती. जो माणूस मशालीला मत देतो आणि शहराला नावं ठेवतो त्याने हा आकडा जरूर बघावा. त्याचा पक्ष शहरानेच धरून ठेवला आहे.

बूथवर काम करताना मला निष्ठा कुठे दिसते म्हणाल तर बोरिवलीत. २००९ ला गोपाळ शेट्टी, २०१४ ला विनोद तावडे, २०१९ ला सुनील राणे, २०२४ ला संजय उपाध्याय. चार निवडणुका, चार वेगळे उमेदवार, चारही वेळा कमळ. दर वेळी नाराजी होते, २०२४ ला तर शेट्टींनी बंडाचा अर्जही भरला आणि मग मागे घेतला. मतदाराने दर वेळी उमेदवाराचं नाव बाजूला ठेवून चिन्ह बघितलं. शहरात पक्षनिष्ठा नसते असं म्हणणाऱ्याने एकदा तिथल्या मतमोजणीला बसावं. पहिल्या फेरीत जो कल लागतो तोच शेवटच्या फेरीपर्यंत जातो.

आणि दुसऱ्या टोकाला भायखळा. २००९ ला काँग्रेस, २०१४ ला एमआयएम, २०१९ ला शिवसेना, २०२४ ला ठाकरे गट. वरून बघणाऱ्याला वाटेल की इथला मतदार दर पाच वर्षांनी उडी मारतो. केंद्रवार आकडे काढले की दिसतं वेगळंच. २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, सगळे वेगवेगळे लढले, म्हणून वारिस पठाण अवघ्या २५ हजारांच्या आसपास मतांवर आमदार झाले. २०१९ ला यामिनी जाधव जिंकल्या तेव्हा काँग्रेस आणि एमआयएम यांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून जास्त होती. मोहल्ल्यांतली केंद्रं भाजप-सेनेच्या विरोधात होती ती तशीच राहिली, फक्त ती मतं कधी एकत्र पडली, कधी वाटली गेली.

भायखळ्यातली खरी उलथापालथ २०२४ ची आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. ज्या मोहल्ल्यांनी १९९२-९३ ची दंगल पाहिली, तिथल्या घरांनी मशाल दाबली. मनोज जामसुतकर त्यावर निवडून आले. वर्सोव्यात हारून खान, ठाकरे गटाचे मुस्लिम आमदार, भाजपकडून जागा खेचून आले. पंधरा वर्षांपूर्वी कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला यादी घेऊन घरी पाठवलं असतं. एका बाजूचा मतदार जुन्या जखमेवरून पुढे आला आणि दुसऱ्या बाजूचा पक्ष आपल्या जुन्या भाषेतून. याला बदल म्हणायचं. तो विकत घेता येत नाही आणि एका सभेत घडतही नाही.

अशा खऱ्या बदलाला मुंबईत नेहमीच कारण असतं आणि वडिलांच्या पिढीनेही तो केला आहे. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, आणि लाल बावट्याच्या त्या गिरणगावाने वामनराव महाडिकांना निवडून दिलं. शिवसेनेचे ते पहिले आमदार. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट असतानाही संपाचे नेते दत्ता सामंत इथून खासदार झाले. आणि पुढच्याच वर्षी महापालिका शिवसेनेकडे गेली. घरं तीच, चाळी त्याच. पंधरा वर्षांत लाल बावटा, भगवा, कामगार आघाडी आणि परत भगवा. त्या माणसांना कुणी निष्ठा नाही म्हणून हिणवलं नाही, आणि ते योग्यच होतं. त्यांची निष्ठा गिरणीशी, चाळीशी, पगाराशी होती. जो ती सांभाळेल असं वाटलं त्याच्याकडे ते गेले.

तसाच दुसरा खरा बदल २००९ ते २०१४ मधला. २००९ ला मुंबईत काँग्रेसचे १७ आमदार होते, २०१४ ला ५ राहिले. मनसेचे सहा होते, शून्य झाले. भाजप ५ वरून १५ वर गेला. उपनगरांतला उत्तर भारतीय मतदार, जो वर्षानुवर्षं काँग्रेसचा धरला जायचा, तो तेव्हा केंद्रच्या केंद्र हलला आणि परत आला नाही. ही यंत्रावरच्या पर्यायांची गोष्ट नव्हती, कारण २०१४ ला सगळी चिन्हं यंत्रावर होती. मतदाराला मोकळी निवड मिळालेली माझ्या आठवणीतली ती एकमेव विधानसभा, म्हणून मी आजही पक्षाची स्वतःची ताकद मोजायला २०१४ चे तक्ते काढतो. २०१९ आणि २०२४ मध्ये कितीतरी मतदारांना आपल्या पक्षाचं चिन्हच मिळालं नाही, मित्रपक्षाचं दाबावं लागलं.

पण सगळ्यात जास्त फसवणारा आकडा घरी बसलेल्यांचा असतो. अंधेरी पूर्व बघा. नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके मशालीवर ६६ हजारांहून जास्त मतं घेऊन जिंकल्या, दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’, १२,८०६. मतदान एक तृतीयांशही झालं नव्हतं. दोन वर्षांनी, २०२४ ला, त्याच लटके शिंदे गटाचे मुरजी पटेल यांच्याकडून पंचवीस हजारांच्या फरकाने हरल्या. लगेच सगळीकडे ‘अंधेरीने पाठ फिरवली’. मी आकडा बघितला तर लटकेंना या वेळी ६८ हजारांच्या आसपास मतं होती. म्हणजे त्यांचा मतदार जसाच्या तसा परत आला होता. पटेलांना ९४ हजारांच्या आसपास पडली ती मुख्यतः २०२२ ला घरी बसलेल्यांची. कुणी पक्ष बदलला नव्हता, गर्दी वेगळी होती. २०२४ ला राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, मुंबई शहर जिल्ह्यात ५२ च्या आसपास, कुलाब्यात ४४. जिथे निम्मे लोक येतच नाहीत तिथे कोणते निम्मे आले यावर निकाल ठरतो. आमच्या कामात म्हणूनच मन वळवण्यापेक्षा बाहेर काढण्यावर माणसं जास्त लावतात.

आणि मतदारांचे पत्तेही बदलतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी शहर जिल्ह्यात विधानसभेच्या १७ जागा होत्या, त्या १० झाल्या. उपनगरात १७ च्या २६ झाल्या. लालबाग-परळची घरं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, त्यांच्या जागी मनोरे आले. वरळीची बीडीडी चाळ घ्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. शेजारच्या मनोऱ्यांतल्या मतदाराचं मतदान केंद्र आता कधीकधी सोसायटीच्या हॉलमध्येच असतं. वरळीत आदित्य ठाकरे २०१९ ला ६७ हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते, २०२४ ला ८,८०१ ने. समोर मिलिंद देवरा होते, मनसेचा उमेदवारही होता, ही कारणं आहेतच. पण पाच वर्षांत यादीत कोणती नावं गेली आणि कोणती आली हे न बघता वरळीबद्दल बोलणं मला बेजबाबदार वाटतं.

लाडकी बहीण योजनेबद्दल थोडं, कारण सगळे विचारतात. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, मतदानाआधी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते खात्यात. घरकाम करणाऱ्या बायका त्या पावसाळ्यात आधार जोडायला बँकेबाहेर रांगा लावून उभ्या होत्या, कितीतरी जणींचं स्वतःच्या नावाचं खातं तेव्हा पहिल्यांदा चालतं झालं. त्याचा परिणाम झाला, मी नाकारत नाही. पण बाई पैशाला भुलली हे म्हणणं मला सहन होत नाही. उद्योगाला सवलत मिळाली की ते धोरण, आणि तिच्या खात्यात दीड हजार आले की ती विकली गेली? तिने बहुधा पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता बटण दाबलं. एका घरात दोन मतं पडायला सुरुवात होते ती अशीच.

आणखी एक कारण बाहेरच्यांना दिसत नाही. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. २०२४ च्या विधानसभेला गल्लीत नगरसेवकच नव्हता. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, तर जायचं कुणाकडे? सत्तेत असलेल्या आमदाराकडे, किंवा ज्याच्या शब्दावर वॉर्ड ऑफिसातून माणूस येतो त्याच्याकडे. दहा वर्षं एका पक्षाचं काम केलेली बाई पाण्याच्या टँकरसाठी दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसलेली मी पाहिली आहे. तिने मत कुणाला दिलं माहीत नाही. तिला निष्ठेबद्दल बोलायची माझी तरी हिंमत नाही.

कारण नेत्यांची बाजू बघितली तर मान खाली जाते. संजय निरुपम शिवसेनेतून काँग्रेस आणि तिथून शिंदे गट. देवरा काँग्रेसचे दोनदा खासदार, जानेवारी २०२४ ला शिंदे गटात. संजय दिना पाटील २००९ ला राष्ट्रवादीचे खासदार, २०२४ ला मशालीचे. रवींद्र वायकर मार्च २०२४ ला शिंदेंकडे गेले आणि जूनच्या निकालात वायव्य मुंबईतून ४८ मतांनी खासदार झाले. नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी जोगेश्वरी पूर्वमधून मशालीच्या अनंत नर यांच्याकडून हरल्या. जोगेश्वरीकर आपल्या जागेवर होते.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून भांडुप पश्चिमचा फॉर्म २० काढा, २०१४, २०१९ आणि २०२४ चे तिन्ही. केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका, २०२४ च्या विधानसभेआधी मुंबईत केंद्रांची फेररचना झाली आहे. यादीवरचं इमारतीचं किंवा चाळीचं नाव बघून केंद्र जुळवा. २०२४ ला मशाल, बाण आणि इंजिन यांची बेरीज करा, आणि ती २०१४ च्या शिवसेना, मनसे आणि भाजप यांच्या बेरजेशेजारी मांडा, कारण भाजपची मतं २०२४ ला बाणात होती. मग झालेल्या एकूण मतदानाचा रकाना बघा. एक रविवार लागेल.

आणि त्याआधी, रात्री जेवताना भावाला विचारा: मे महिन्यात यंत्रावर बाण असता तर त्याने काय दाबलं असतं? वडील समोर बसलेले असताना विचारा.